राजाचा शिक्का आणि लोकरीचा तागा: इंग्लंडच्या बनात निर्यातीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्चा माल बाहेर पाठवू नका, इथेच पक्का करा आणि मग विका, असं कुठल्याही देशाचं सरकार म्हणायला लागलं की मला १६१४ साल आठवतं. त्या वर्षी इंग्लंडच्या राजाने नेमकं हेच केलं, हेतू चांगला होता, हिशोबही कागदावर बरोबर होता, आणि तीन वर्षांत देशातला सगळ्यात मोठा धंदा त्याने जवळजवळ बुडवला. ते का झालं हे समजायला आधीची तीनेकशे वर्षं बघावी लागतात, म्हणून हे प्रश्न. माझा कल पहिल्यापासून कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या बाजूने आहे, तो लपवणार नाही.

नेमकं कुठलं कापड? लोकरीचं म्हणजे स्वेटरसारखं का?

नाही नाही. मुख्य माल म्हणजे ब्रॉडक्लॉथ, आपल्याकडे ज्याला बनात म्हणायचे ते. जाड, रुंद, घट्ट लोकरी कापड. आधी लोकर पिंजायची, कातायची, मोठ्या मागावर विणायची (माग इतका रुंद की दोन माणसं लागायची), आणि मग खरी गंमत, ते कापड ओलं करून मुलतानी मातीसारख्या मातीत पाणचक्कीच्या हातोड्यांखाली कुटायचं. कुटल्यावर ते आटतं आणि विण दिसेनाशी होते, नमदा झाल्यासारखं. आपल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात तसा हा शेवटचा संस्कार समजा, फक्त इथे कापड आकाराने बरंच कमी होतं. मग चौकटीवर ताणून वाळवायचं.

इथपर्यंत झालं की ते पांढरं, म्हणजे अर्धं तयार कापड. त्यापुढे काटेरी बोंडांनी त्याच्यावर लव उठवायची, मोठ्या जड कात्रीने ती सारखी छाटायची आणि रंगवायचं. हे शेवटचे टप्पे लक्षात ठेवा कारण सगळं भांडण त्यांच्यावरूनच झालंय. ग्लॉस्टरशर, विल्टशर, सॉमरसेट या पश्चिमेकडच्या भागातून पांढरं कापड यायचं, आणि त्यातलं बरंचसं पुढचं काम इंग्लंडमध्ये होतच नव्हतं, ते नेदरलँड्समध्ये व्हायचं.

राजाला कापडात एवढा रस का होता?

जकात. दुसरं तिसरं काही नाही, निदान सुरुवातीला तरी.

१२७५ मध्ये पहिल्या एडवर्डने कच्च्या लोकरीच्या प्रत्येक पोत्यावर ६ शिलिंग ८ पेन्स (१२ पेन्सचा एक शिलिंग) जकात लावली, पुढे तिच्यात भर पडत पडत इंग्लिश व्यापाऱ्याला पोत्यामागे साधारण ४० शिलिंग द्यावे लागायचे. कापडावर मात्र १३४७ मध्ये जकात लागली ती ताग्याला फक्त १४ पेन्स. आता एका पोत्यात चारएक तागे निघतात (पोतं म्हणजे ३६४ पाउंड वजन), म्हणजे तीच लोकर कापड करून नेली तर जकात ५ शिलिंगच्या आसपास आणि तशीच नेली तर ४०. कोणीही कापडच नेईल ना. कापडधंद्याला वर आणायचा मोठा विचार करून हे केलं असं नाही, राजाला युद्धासाठी पैसे पाहिजे होते आणि लोकर ही दुभती गाय होती. पण परिणाम असा झाला की दीड-दोनशे वर्षांत इंग्लंड लोकर विकणाऱ्या देशाचा कापड विकणारा देश झाला.

आणि एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही पण खरी आहे. हॅन्सा नावाचा जर्मन शहरांचा जो व्यापारी संघ होता, त्याच्या लोकांना जुन्या सवलतीमुळे ताग्याला १२ पेन्सच पडायचे. म्हणजे परक्याला १२ आणि घरच्याला १४! लंडनचे व्यापारी पिढ्यानपिढ्या यावर चिडलेले होते आणि पुढचं बरंच राजकारण त्या दोन पेन्सच्या रागातून निघालंय.

मग ती जकात कधी वाढली?

१५५८, मेरी राणीच्या शेवटच्या वर्षात. १४ पेन्सवरून एकदम ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे ८० पेन्स, जवळजवळ सहापट. परदेशी व्यापाऱ्याला १४ शिलिंग ६ पेन्स. कारण सरळ होतं, लोकरीची निर्यात आटली होती, त्याच वर्षी कॅले बंदरही फ्रेंचांनी घेतलं जिथून लोकरीचा सगळा अधिकृत व्यापार चालायचा, आणि तिजोरीला दुसरा आधार शोधणं भाग होतं. यानंतर राजघराण्याचं नशीब कापडाच्या ताग्याला बांधलं गेलं असं म्हटलं तरी चालेल.

कापडाची लांबी-रुंदी पण कायद्याने ठरलेली होती?

हो, आणि फार जुन्या काळापासून. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेतही कापडाची रुंदी सगळीकडे एकच असावी असं कलम आहे. १४६५ च्या सुमाराच्या कायद्यात ब्रॉडक्लॉथ २४ यार्ड लांब, आणि प्रत्येक यार्डामागे वर एक इंच जास्त, असं मोजमाप दिलंय. पुढे निर्यातीच्या हिशोबासाठी जो 'शॉर्टक्लॉथ' धरला जायचा तो साधारण २४ यार्ड लांब आणि ६४ पाउंड वजनाचा, म्हणजे २९ किलोचा एक तागा. १५५२ चा कायदा तर भागाभागाप्रमाणे जातो, वूस्टरचं कापड असं, केंटचं तसं, प्रत्येकाची लांबी, रुंदी, वजन वेगळं.

यासाठी ऑलनेजर नावाचा सरकारी अधिकारी होता. तो तागा मोजायचा आणि ठीक असला तर त्याला शिशाचा शिक्का ठोकायचा, ताग्याला ४ पेन्स कर आणि वर अर्धा पेनी त्याची फी. शिक्का नसलेलं कापड विकायला बंदी. थेम्स नदीच्या गाळात हे शिशाचे शिक्के आजही सापडतात.

शिक्क्याचा खरंच उपयोग व्हायचा का, की नुसती वसुली?

दोन्ही, पण वसुली जास्त. ऑलनेजरचं काम बऱ्याचदा मक्त्याने दिलं जायचं, म्हणजे कोणीतरी राजाला ठरलेली रक्कम भरायचा आणि मग फी गोळा करायचा. अशा माणसाला तागा मोजत बसण्यात काय फायदा? तो शिक्के मोजून द्यायचा आणि पुढे जायचा, आणि न मोजता शिक्के विकल्याच्या तक्रारी त्या काळात सारख्या येत राहिल्या.

कापड चौकटीवर जास्त ताणायचं ही सगळ्यात नेहमीची लबाडी. ताणून दोन यार्ड वाढवलेला तागा पावसात भिजला की परत आखडतो, मग हॅम्बुर्गच्या शिंप्याच्या हातात कोट लहान होतो आणि नाव इंग्लंडचं खराब होतं. म्हणून कायदा चुकीचा होता असं मला वाटत नाही. दूरच्या गिऱ्हाइकाला ताग्याची घडी न उलगडता भरवसा वाटला पाहिजे, त्यासाठी शिक्का लागतोच. पण शिक्का मारणाऱ्याचं पोट शिक्क्यांच्या संख्येवर असेल तर भरवसा टिकत नाही.

उलट उदाहरण कोल्चेस्टरचं. तिथे फ्लँडर्समधून पळून आलेल्या विणकरांनी आपला स्वतःचा तपासणी हॉल चालवला, माल नीट बघून मगच शिक्का मारायचा असा कडक रिवाज ठेवला आणि त्यांच्या कापडाला बाहेर मान मिळाला. कारण शिक्का खोटा ठरला तर नुकसान त्यांचंच होतं.

मर्चंट ॲडव्हेंचरर्स म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीसारखी कंपनी का?

नाही, आणि हा गोंधळ खूप होतो. ईस्ट इंडिया कंपनीत सगळ्यांचं भांडवल एकत्र, नफा शेअरप्रमाणे. मर्चंट ॲडव्हेंचरर्समध्ये प्रत्येक व्यापारी आपल्या पैशाने, आपल्या जोखमीवर माल पाठवायचा, पण नियम सगळ्यांना एक. म्हणजे बाजार समितीसारखं समजा, लायसन्स असेल तरच गाळा मिळणार आणि समिती सांगेल त्याच बाजारात विकायचं. ॲडव्हेंचर शब्द इथे धाडसाचा नाही, पैसा जोखमीत घालणारा तो ॲडव्हेंचरर.

त्यांना १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीची सनद मिळाली, १५६४ मध्ये एलिझाबेथ राणीने नवीन सनद देऊन त्यांना पक्कं केलं. नेदरलँड्स आणि जर्मनीकडे जाणारं कापड यांच्याच हातून जाणार, बाकी कोणी पाठवलं तर तो घुसखोर.

त्यांचे आपसातले नियम कसे होते?

कडक. माल ठरलेल्या जहाजांतून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शहरातच न्यायचा. प्रत्येकाला कोटा, सभासदत्वाची पहिली तीन वर्षं वर्षाला ४०० तागे, मग दरवर्षी ५० वाढत पंधराव्या वर्षी १,०००. हेतू असा की एखादा बडा शेठ सगळा बाजार खाऊन टाकू नये आणि माल जास्त होऊन भाव पडू नये. सभासदाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याचा हक्क जायचा, कारण मग जावयाच्या नावाने सासरा धंदा करेल ही भीती.

कागदावर हे सगळ्यांना सारखं, प्रत्यक्षात लंडनच्या थोड्या घराण्यांकडे धंदा एकवटला. १६०४ मध्ये सर एडविन सँडिस यांनी पार्लमेंटमध्ये व्यापार खुला करायचं बिल आणलं तेव्हा त्यांचं म्हणणं असं की देशाचा सगळा व्यापार जेमतेम २०० माणसांच्या हातात आहे. बिल कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात पास झालं, वरच्या, लॉर्ड्समध्ये अडकलं.

राजा अशा लोकांना मक्ता का देत होता? सगळ्यांना खुलं केलं असतं तर जकात जास्तच आली असती ना

चांगला प्रश्न आहे, आणि त्या काळातही विचारला गेलाय.

एक, वसुली सोपी. शंभर बंदरांतून हजार माणसं माल नेतात त्यापेक्षा लंडनहून एक ताफा निघतो तेव्हा मोजणं सोपं. दोन, कर्ज. ट्यूडर घराण्यातले राजे (एलिझाबेथपर्यंतचे) नेदरलँड्समधल्या अँटवर्प बंदराच्या सावकारांकडून पैसे उचलायचे आणि ते फेडायला परदेशी चलन हवं असायचं, ते कापड विकून कोणाकडे येतं तर या व्यापाऱ्यांकडे. टॉमस ग्रेशम राजाचा अँटवर्पमधला माणूस होता, कापडाचा ताफा बंदरात अडवून ठेवायचा आणि परदेशात हुंडी आमच्या दराने द्या तरच जहाज सुटेल असं सांगायचं, हे त्याच्या काळात झालंय. त्या बदल्यात व्यापाऱ्यांना काय मिळालं? १५५२ मध्ये हॅन्साच्या जुन्या सवलती काढून घेतल्या गेल्या. तो दोन पेन्सचा राग तिथे फिटला.

आणि तीन, परराष्ट्र धोरण. कापडाचा ताफा कुठल्या शहरात जाणार हे राणीच्या हातातलं हत्यार होतं. ज्या शहरात ताफा जाईल तिथले रंगारी, हमाल, सराफ, खानावळवाले सगळे पोसले जायचे.

अँटवर्पचं एवढं काय होतं? नंतर सोडलं का?

सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लंडन म्हणजे एका अर्थी अँटवर्पचं उपनगर होतं. लंडनहून १५०० च्या सुमाराला वर्षाला ४९,००० च्या आसपास शॉर्टक्लॉथ जायचे, १५५० मध्ये तो आकडा १,३२,००० च्या वर गेला. राजांनी नाण्यातली चांदी कमी केल्याने पौंड पडला आणि इंग्लिश कापड बाहेर स्वस्त झालं, तोही त्या तेजीचा एक भाग होता. १५५१ मध्ये पौंड सावरायला लागला आणि १५५२ पर्यंत निर्यात ८५,००० वर आली. दोन वर्षांत! ज्या गावात सगळेच कापडावर जगतात तिथे याचा अर्थ काय होतो ते आकड्यात दिसत नाही.

मग राजकारण आडवं आलं. १५६३ च्या शेवटी नेदरलँड्सच्या सरकारने प्लेगचं कारण सांगून इंग्लिश कापड बंद केलं, व्यापारी १५६४ मध्ये जर्मनीतल्या एम्डेन बंदराला गेले. १५६८ च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथने स्पेनच्या सैन्याच्या पगारासाठी चाललेली चांदी अडकवली, परत बंदी, मग हॅम्बुर्ग. पुढे श्टाड, मिडलबर्ग, १६११ ला परत हॅम्बुर्ग. १५९७ मध्ये जर्मन सम्राटाने हॅन्साच्या तक्रारीवरून यांना हाकललं तेव्हा एलिझाबेथने १५९८ मध्ये लंडनमधली हॅन्साची वखारच बंद करून टाकली. असा प्रत्येक भांडणात माल गोदामात पडून राहायचा.

पांढरं, अर्धवट कापड बाहेर न्यायला कायद्याने बंदी होती असं वाचलंय, मग लाखभर तागे जात कसे होते?

लायसन्सवर. आणि माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

१५३६ चा कायदा सांगतो की ४ पौंडापेक्षा जास्त किमतीचं पांढरं कापड तयार केल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. कायदा झाला तेव्हा ४ पौंडाचं कापड म्हणजे भारी माल, पण महागाई वाढत गेली, आकडा तसाच राहिला आणि साधं कापडही बंदीत यायला लागलं. आता कायदा बदलायचा की नाही? राजदरबाराने तो बदलला नाही, कारण बंदी असली तर सूट देता येते आणि सुटीला किंमत असते. १५६४ मध्ये राणीने मर्चंट ॲडव्हेंचरर्सना वर्षाला ३०,००० तागे तसेच न्यायचं लायसन्स दिलं. शिवाय दरबारातल्या मर्जीतल्या लोकांना वेगळी लायसन्स. १६०१ मध्ये अर्ल ऑफ कंबरलंडला असं एक मिळालं, हा माणूस कापडवाला नव्हता, समुद्रावर स्पॅनिश जहाजं लुटणारा सरदार होता, पण कापड व्यापाऱ्यांना आपलाच माल पाठवायला त्याला ताग्यामागे पैसे मोजावे लागायचे.

१५६६ मध्ये लंडनच्या कापड तयार करणाऱ्या कारागिरांच्या दबावाखाली आणखी एक कायदा झाला, नऊ पांढऱ्या ताग्यांमागे निदान एक तागा पूर्ण तयार करून न्या. दहातला एक. एवढीही अंमलबजावणी नीट झाली नाही आणि ते कारागीर पुढची पन्नास वर्षं अर्ज करत राहिले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, काम त्यांच्या दारातून जहाजावर चढून परदेशात जात होतं.

आणि मग १६१४. कॉकेन योजना काय होती?

विल्यम कॉकेन हा लंडनचा ऑल्डरमन (शहराच्या कारभारी मंडळातला), मोठा व्यापारी, पण त्याचा मुख्य धंदा बाल्टिककडचा, ईस्टलँड कंपनीतला. तिकडे तयार रंगीत कापड जायचं. मर्चंट ॲडव्हेंचरर्सच्या पांढऱ्या कापडाच्या व्यापारात तो बाहेरचा. त्याने पहिल्या जेम्स राजाला सांगितलं की आपण अर्धवट माल पाठवतो, डच लोक तो रंगवून, छाटून दुप्पट किमतीपर्यंत विकतात, हा सगळा नफा आणि हजारो लोकांचं काम आपल्याकडे राहू शकतं. शिवाय रंगाचं सामान आयात होईल त्यावर जकात, तयार कापडावर जकात. राजाकडे पैसा कधीच पुरत नव्हता. त्यातच यॉर्कशरच्या किनाऱ्यावर तुरटीचा कारखाना राजाने हातात घेतलेला, आणि रंग पक्का बसायला तुरटी लागते. सगळं जुळून आल्यासारखं दिसलं.

१६१४ च्या जुलैत जाहीरनामा निघाला, २ नोव्हेंबरनंतर पांढरं कापड बाहेर जाणार नाही. जुन्या कंपनीने १६१५ च्या सुरुवातीला सनद परत केली आणि 'किंग्ज मर्चंट ॲडव्हेंचरर्स' ही नवीन कंपनी आली. त्यांनी कबूल केलेला तयार मालाचा आकडा बघा, पहिल्या वर्षी ६,००० तागे, दुसऱ्या वर्षी १२,०००, तिसऱ्या वर्षी १८,०००. आणि लंडनहून तेव्हा वर्षाला सव्वा लाखाच्या वर शॉर्टक्लॉथ जात होते. मग उरलेल्याचं काय? उरलेलं पांढरंच पाठवायची परवानगी त्यांनी लगेच मागितली आणि मिळवली. म्हणजे ज्या कामासाठी जुन्या लोकांचा हक्क काढला तेच काम नवीन लोक करायला लागले, फक्त त्यांच्याकडे तेवढं भांडवल नव्हतं आणि परदेशातली ओळखपाळख नव्हती.

डच काय गप्प बसणार होते का. १६१४ च्या ऑक्टोबरमध्येच त्यांनी तयार, रंगीत इंग्लिश कापड आणायला बंदी केली. त्यांच्याकडे रंगाऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची हातोटी होती, रंगाचं सामान स्वस्त होतं, आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला यंदा कुठला रंग चालतो ते त्यांना माहीत होतं. इंग्लंडमध्ये रंगवलेलं कापड महाग पडलं आणि कामही तेवढं सफाईदार नव्हतं अशी तक्रार होती. वर, इंग्लिश कापड येत नाही म्हटल्यावर हॉलंडमध्ये आणि इतर ठिकाणी लोक स्वतःच जास्त विणायला लागले.

१६१४ मध्ये लंडनहून इंग्लिश व्यापाऱ्यांनी नेलेले शॉर्टक्लॉथ साधारण १,२७,०००. १६१६ मध्ये ८८,०००. तिसरा हिस्सा गेला.

१६१६ च्या जूनमध्ये कॉकेनने राजाला घरी मेजवानी दिली, सोन्याच्या भांड्यात १,००० पौंड नजर केले, युवराज चार्ल्सला ५०० दिले, आणि राजाने त्याला सर ही पदवी दिली. त्याच उन्हाळ्यात ग्लॉस्टरशर आणि विल्टशरमधून माग बंद पडल्याचे अर्ज येत होते. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की मला राग येतो, चारशे वर्षं झाली तरी.

१६१७ च्या सुरुवातीला राजाने हार मानली, जुनी कंपनी परत आली. तीही फुकट नाही, सनद परत मिळवायला त्यांना राजाला आणि दरबाऱ्यांना भरपूर पैसे द्यावे लागले आणि ते कापडावर चढवून वसूल केले गेले. कॉकेन पुढे १६१९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

म्हणजे पक्का माल करून विकायची कल्पनाच चूक होती?

मला तसं वाटत नाही. इंग्लंड पुढे रंगीत, तयार कापड विकायला शिकलंच, पण ते वेगळ्या वाटेने. वेस्ट कंट्रीत, म्हणजे त्याच पश्चिमेकडच्या भागात, लोकर आधी रंगवून मग विणलेलं कापड, ज्याला स्पॅनिश क्लॉथ म्हणायचे, ते सतराव्या शतकात वाढलं आणि ते कोणाच्या फर्मानाने नाही, विणकर-व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक बघून केलं. कॉकेनच्या वेळी कारागीर तयार व्हायच्या आधी तारीख ठरली, आणि समोरचा खरेदीदार नाही म्हणू शकतो हे कोणी हिशोबात धरलंच नाही.

यानंतर धंदा सावरला का?

थोडा, आणि मग त्याहून वाईट झालं. १६१८ ला तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं, जर्मन राज्यांनी नाण्यात भेसळ केली, पोलंड-जर्मनीत इंग्लिश कापड भलतं महाग झालं. १६२२ मध्ये निर्यात ७६,००० च्या खाली. या मंदीवर लंडनमध्ये माल्यन्स, मिसेल्डन आणि टॉमस मन या व्यापारावर लिहिणाऱ्या तिघांचा जो वाद झाला त्यातून व्यापारतोल वगैरे कल्पना स्पष्ट झाल्या. मन हे ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर, त्यामुळे कंपनी देशाची चांदी बाहेर नेते हा आरोप त्यांना अंगावरच घ्यावा लागला होता.

कातणाऱ्या-विणणाऱ्यांचं काय व्हायचं या सगळ्यात?

त्यांच्याबद्दल कागद कमी सापडतात म्हणून लोक पटकन पुढे जातात. एका मागाला सूत पुरवायला अनेक कातणाऱ्या लागायच्या, बहुतेक बायका आणि मुलं, घरोघरी, तुकड्यावर मजुरी. निर्यात थांबली की लंडनच्या ब्लॅकवेल हॉलमध्ये, जिथे दर आठवड्याला कापडाचा बाजार भरायचा, तागे विकले जायचे नाहीत. गावाकडचा कापडवाला लोकर वाटणं थांबवायचा. आणि सगळ्यात आधी चरखा थांबायचा.

राजदरबाराला दयेपेक्षा दंग्याची भीती जास्त होती पण काहीतरी करायचे. १५२८ मध्ये युद्धामुळे बाजार बसला तेव्हा आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झीने लंडनच्या व्यापाऱ्यांना बोलावून दम भरला की कापड विकत घ्या, नाहीतर राजा बाजारच तुमच्या हातातून काढून घेईल. १६२२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने हुकूम काढला की कापडवाल्यांनी मजुरांना काढायचं नाही, व्यापाऱ्यांनी माल उचलायचा, मेंढीवाल्यांनी लोकर वाजवी भावात द्यायची. ऐकायला छान आहे, पण गोदामात न विकलेला माल भरलेला असताना छोटा कापडवाला मजुरी देणार कुठून.

कच्ची लोकर बाहेर न्यायला बंदी होती ना?

जेम्सच्या काळात जाहीरनाम्यांनी बंदी आली आणि १६६२ मध्ये तर तो गंभीर गुन्हा झाला. तरी केंट-ससेक्सच्या किनाऱ्यावर, रॉमनी मार्शमध्ये, रात्री लोकर फ्रान्सला जायचीच. तिथे ती चोरून नेणाऱ्यांना 'आउलर' म्हणायचे. बंदीमुळे इंग्लंडमध्ये लोकरीचा भाव खाली राहिला, म्हणजे कापडवाल्याचा फायदा आणि मेंढपाळाचा तोटा. १६९९ मध्ये आयर्लंडलाही लोकरी कापड परदेशात विकायला बंदी केली, तिथला वाढता धंदा मारला, आणि तो राग आयर्लंड विसरलं नाही.

मेलेल्या माणसालाही लोकरीचंच कापड घालायचं असा कायदा खरंच होता?

होता. १६६६ आणि १६७८ चे कायदे, कफन लोकरीचंच, नाहीतर ५ पौंड दंड. रद्द झाले १८१४ मध्ये. त्याआधी १५७१ मध्ये रविवारी लोकरीची टोपी घालायची सक्तीही होती.

याचा भारताशी काही संबंध येतो का?

येतो, आणि आपल्या भाषेत तो अजून शिल्लक आहे. जुन्या मराठी कागदांत 'सकलाद' शब्द येतो तो याच विलायती लोकरी कापडासाठी. ईस्ट इंडिया कंपनीवर घरून कायम दबाव होता की चांदी कमी न्या, इंग्लिश कापड जास्त विका. १६१३ मध्ये सुरतेला वखार सुरू झाली, पण इथल्या उन्हात २९ किलोचा लोकरी तागा घेणार कोण? सरदारांच्या पालख्या, खोगीर, हत्तीच्या झुली, डेऱ्यांची अस्तरं, थोडे थंडीचे अंगरखे, एवढाच खप. तरी १६९३ च्या सनदेत कंपनीला दरवर्षी १,००,००० पौंडांचा इंग्लिश माल पाठवायची अट घातली गेली.

उलट बाजूने आपलं छापील सुती कापड तिकडे इतकं आवडायला लागलं की लोकरवाले खवळले. १७०० मध्ये भारत, इराण, चीनकडच्या छापील सुती आणि रेशमी कापडाच्या वापरावर इंग्लंडमध्ये कायद्याने बंदी आली, १७२१ मध्ये ती आणखी कडक झाली. लंडनच्या रेशीम आणि लोकर विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील कपडे फाडल्याचीही नोंद आहे. मी नेहमी विणकरांच्या बाजूने असते, पण इथे दोन्हीकडे विणकरच आहेत, एक लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये आणि दुसरा मच्छलीपट्टणला.

शेवटी हे सगळं नियंत्रण संपलं कधी?

एका दिवसात नाही. १६२४ मध्ये पार्लमेंटने व्यापार बराचसा खुला करायला लावला, १६३४ मध्ये पहिल्या चार्ल्सने परत कंपनीचा मक्ता दिला. मधे राजेशाही गेली, परत आली, सनदा चालू राहिल्या. १६८९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने लोकरी कापडाची निर्यात सगळ्यांना खुली झाली. १७०० मध्ये तिच्यावरची निर्यात जकातही काढून टाकली, म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप सुरू झाला होता तीच गेली, कारण तोपर्यंत राजाला इतर मार्गांनी कर मिळत होता आणि पार्लमेंटला माल बाहेर जायला हवा होता.

मर्चंट ॲडव्हेंचरर्स मात्र हॅम्बुर्गला राहिलेच, मक्ता गेल्यावरही, हॅम्बुर्ग कंपनी या नावाने, आपलं घर आणि आपले थोडे उरलेले हक्क सांभाळत, थेट नेपोलियनचं सैन्य शहरात येईपर्यंत.